हारातली वीस मिनिटं

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.

कावीळ. बिलिरुबिन अकरा पॉइंट दोन. डॉक्टर म्हणाले, चार आठवडे पूर्ण विश्रांती, तेल-तूप बंद, जिना बंद. फॅक्टरीत कळवलं. ड्रॉइंग ऑफिस माझ्याशिवाय चार आठवडे कसं चालणार, हा त्यांचा प्रश्न आहे.

संकल्प : एक, कुरकुर करायची नाही. दोन, हेमाला त्रास द्यायचा नाही. तीन, तमिळ वाचायला शिकायचं. चेन्नईजवळच्या या आवडीत येऊन बावीस वर्षं झाली, अजून बस नंबर बघून ओळखतो. चार, रोज डायरी. ही कोणी वाचणार नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

हेमाने देवघरातली घंटा उशाशी आणून ठेवली. अगदी अडलं तरच वाजवा म्हणाली. अडल्याशिवाय मी कशाला वाजवतोय.

७.४० घंटा. उशी.

७.५५ घंटा. पंखा दोनवर.

८.१० घंटा. पंखा पुन्हा तीनवर. (ही चाचणी होती. आवाज स्वयंपाकघरापर्यंत जातो.)

३ सप्टेंबर, बुधवार.

क्वार्टर्सच्या भिंतीपलीकडे राहणारा गुरुमूर्ती आला होता. आमच्याच फॅक्टरीतून तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला, इन्स्पेक्शनमधून. २०११ साली माझं एक ड्रॉइंग याने लाल शेरा मारून परत पाठवलं होतं : 'डेटम कुठे आहे?' म्हणजे मोजायला सुरुवात कुठून केली तो बिंदू दाखवा. तो बिंदू माझ्या डोक्यात होता. असो, ती गोष्ट मी केव्हाच विसरून गेलोय.

काविळीवर कीळानेल्ली घेऊन आला होता. आपल्याकडची भुईआवळी. वाटून, ताकातून. स्वतःच्या अंगणातली आहे, रोज सकाळी आणून देईन म्हणाला. एवढा लोभ कशासाठी? बायको जाऊन पाच वर्षं झाली याची. घरात एकटाच.

मूळचा तंजावरचा मराठी. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, भाषा तेव्हाच थांबली. 'बसा'ला 'बैसा' म्हणतो, उद्याला 'उदईक'. मधेच तमिळ. हेमा हसत होती. याचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं, म्हणाली. मी एकतीस वर्षं हिच्याशी मराठीतच बोलतोय. ऐकत राहावंसं वाटल्याचं कधी कानावर आलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार. बिलिरुबिन ९.६

पुण्याहून सावनीचं पार्सल. मातीचे दागिने करायचं किट. हवेत वाळणारी माती, रंग, दोरा, बारीक काळे मणी, गळ्यामागचा आकडा. चिठ्ठीत लिहिलंय, 'आईसाठी. बाबांच्या आजारात तुला थोडा विरंगुळा.' लेकीला घरची कल्पना नाही. हेमाला वेळ कुठे आहे? तिला दिवसभर माझंच उरकत नाही. म्हणून किट मी घेतलं.

पडल्यापडल्या एक फर्स्टक्लास कल्पना सुचली. हेमासाठी हार करायचा, पण नकाशा म्हणून. ती रोज संध्याकाळी पाचला बाहेर पडते, माझ्यासाठी औषध, दूध, शहाळं आणते, तो सगळा रस्ता हारात. प्रत्येक ठिकाणाचा एक मातीचा मणी, मधल्या चालण्याला काळे मणी. स्केल : एक सेंटिमीटर म्हणजे एक मिनिट. दसऱ्याला भेट. असा हार आवडीत कोणी केला नसेल. इन्स्पेक्शनवाल्यांना तर सुचणारच नाही.

आज घंटा फक्त तेवीस वेळा.

७ सप्टेंबर, रविवार.

सर्व्हे सुरू. मला जिना बंद असल्यामुळे माहिती हेमाकडून घ्यावी लागते. गेटपासून मेडिकलपर्यंत किती मिनिटं, विचारलं. मोजली नाहीत म्हणाली. उद्यापासून मोज म्हटलं. मेडिकलमध्ये किती वेळ उभी राहतेस? दूध घेताना पुढे किती माणसं असतात? कशाला हवंय, म्हणून विचारलं तिने. सरप्राइज आहे, म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. सरप्राइज असल्यामुळे असेल.

१० सप्टेंबर, बुधवार. बिलिरुबिन ७.८

मणी तयार : गेट, कृष्णस्वामीचं मेडिकल (कॅप्सूलच्या आकाराचं), दुधाचं बूथ, पिल्लयारचं (म्हणजे गणपतीचं) देऊळ, शहाळेवाली, वेंकट इस्त्रीवाल्याची गाडी. सगळ्यांत मोठा मणी आमच्या घराचा. रस्ता घरी सुरू होतो, घरी संपतो, म्हणून तो समोर मधोमध. त्याला खिडकी ठेवलीय. खिडकीत मी आहे, पण त्या मापाला चेहरा येत नाही.

वाळायला बाल्कनीत ठेवले होते. हेमाने विचारलं, हा बटाटा कशाला केला? तो पिल्लयार आहे. इस्त्रीला बूट म्हणाली. हिला ड्रॉइंग वाचता येत नाही, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

सकाळी गुरुमूर्ती. हेमाने त्याला ताक देऊन ताक घेतलं. म्हणजे तो ताकातून औषध आणतो आणि ही त्याला प्यायला ताक देते. मधे मी कशाला?

१२ सप्टेंबर, शुक्रवार.

एक तांत्रिक अडचण.

सर्व्हेत आपण जिथून निघालो तिथेच परत पोचलो पाहिजे. मापं जोडत गेलं की शेवटचं टोक पहिल्या टोकाला भेटतं. नाही भेटलं, तर राहिलेल्या अंतराला क्लोजिंग एरर म्हणतात. चांगल्या ड्राफ्ट्समनला लाज वाटावी अशी गोष्ट.

हेमा पाचला जाते, पाच पंचावन्नला येते. पाच दिवस घड्याळ लावून पाहिलं. म्हणून दोरा पंचावन्न सेंटिमीटर कापला. तिने सांगितलेली सगळी मिनिटं ओवली. पस्तीस सेंटिमीटर झाली.

वीस सेंटिमीटर दोरा उघडा राहिला.

सायं. ६.३० पुन्हा मोजलं. वीस.

१३ सप्टेंबर, शनिवार.

मी संशयी माणूस नाही. फक्त आकड्यांबद्दल बोलतोय. आजाऱ्याच्या बायकोची रोजची वीस मिनिटं हरवतात आणि नवऱ्याने विचारायचं नाही? मी विचारणार नाही. संकल्प.

५.५६ विचारलं. हेमा म्हणाली, रांग होती. कुठे रांग होती? सगळीकडे. मग घंटा जरा बाजूला सरकवून ठेवली तिने.

१५ सप्टेंबर, सोमवार. बिलिरुबिन ६.१

मेडिकलला फोन केला. कृष्णस्वामीला विचारलं, काल मॅडम किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या. त्याने बिल काढून बघितलं : पाच बारा. लगेच गेल्या, म्हणाला. मग म्हणाला, सर, काही औषध राहिलं का? मला घाईत दुसरं काही सुचलं नाही, खोकल्याचं औषध सांगितलं. अर्ध्या तासात माणूस घेऊन आला. हेमाने विचारलं, खोकला कधीपासून? खोकून दाखवावं लागलं.

आज हेमाच्या केसांत मल्ली होती, म्हणजे मोगऱ्याचा गजरा. बावीस वर्षांत ही इकडच्या बायकांसारखी फुलं माळायला लागली, हे मला माहीत आहे. पण आज दोन पदर होते.

१६ सप्टेंबर, मंगळवार.

गुरुमूर्तीच्या घराचा मणी करायला घेतला. रस्त्यात नाही तो, पण भागाचा नकाशा म्हटल्यावर शेजार वगळता येत नाही. मुद्दाम लहान केला. वाळल्यावर तडकला. दुसरा केला, तोही तडकला. आवडीच्या या दमट हवेत बाकी सगळे मणी व्यवस्थित वाळले, हाच का तडकतो, याचा मी काहीही अर्थ काढत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार. बिलिरुबिन ४.९

बातमी. गुरुमूर्ती यंदा नवरात्रात गोलू मांडणार आहे. बायको होती तेव्हा दरवर्षी मांडायची, पायऱ्यांवर बाहुल्या, सात पायऱ्या. ती गेल्यापासून खोकी उघडली नव्हती. या महिन्याच्या सुरुवातीला उघडली. कोणती बाहुली कुठे, हे हेमाला विचारत होता. आपल्याकडे गोलू नसतो, हिला यातलं काय कळतं? तरी ही पाच मिनिटं बोलली. त्याचे डोळे भरून आले होते. माणूस हुशार आहे.

एवढी वर्षं खोकी बंद होती. माझी कावीळ सुरू झाली आणि याच्या बाहुल्या बाहेर आल्या.

२० सप्टेंबर, शनिवार.

एक सुई हवी होती. हेमा देवळात गेलेली. म्हणून तिची पर्स उघडली. सुई पर्समध्ये नसते, हे नंतर लक्षात आलं.

पर्समध्ये आवडी स्टेशनची प्लॅटफॉर्म तिकिटं. अकरा. वेगवेगळ्या तारखांची. सगळी पाच वीस ते पाच तीसच्या मधली.

आता विचार शांतपणे करतो. प्लॅटफॉर्म तिकीट कोण काढतं? कोणाला तरी घ्यायला जाणारा. गुरुमूर्ती आठवड्यातून तीन दिवस अंबत्तूरला एका लहान कारखान्यात मापाची गेज तपासायला जातो, हे त्याने स्वतःच मला सांगितलंय. येताना लोकलने येतो. वेळ?

अकरा तिकिटं तीनदा मोजावी लागली. बिलिरुबिनचा परिणाम.

२१ सप्टेंबर, रविवार.

सावनीला फोन केला. आडून विचारलं की आई हल्ली तुझ्याशी काय बोलते. ती म्हणाली, बाबा, तुम्ही दिवसातून किती वेळा घंटा वाजवता? मी म्हटलं, विषय बदलू नकोस. ती म्हणाली, हाच विषय आहे. आजकालच्या मुलांना सरळ उत्तर देता येत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार.

घट बसले. हेमाने बसवले, मी पलंगावरून सूचना दिल्या. नारळ जरा डावीकडे हवा होता.

संकल्प : उद्या प्रत्यक्ष साइट व्हिजिट. डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय. उतरायचा बंद, असं स्पष्ट म्हणाले नव्हते.

२३ सप्टेंबर, मंगळवार. बिलिरुबिन ३.४

सविस्तर लिहितो.

५.०० हेमा गेली. ५.०४ मी निघालो. लुंगी, वर ऑफिसचा शर्ट, डोळे पिवळे दिसू नयेत म्हणून गॉगल. जिना ठीक. गेट ठीक. दहाव्या मिनिटाला वेंकटच्या इस्त्रीच्या गाडीपाशी पायांतलं बळ गेलं. त्याने मला इस्त्रीच्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसवलं. कोणाची तरी इस्त्री केलेली पॅंट खाली होती. माझीच निघाली.

तेवढ्यात स्कूटर थांबली. गुरुमूर्ती. स्टेशनवरून? नाही, बाजारातून. पिशवीत गोलू बघायला येणाऱ्या बायकांना द्यायचं हळद-कुंकू. गेले तीन आठवडे अंबत्तूरला जातच नाही म्हणाला, बाहुल्या धुऊन पुसून काढायच्या होत्या. मला मागे बसवलं, घरी आणलं, जिना चढवला, पाणी दिलं. 'हिंडू नका, शरीरास बरें नाही,' म्हणाला. जाताना टेबलावरचे मणी बघितले. खिशातला चष्मा काढून बघितले. इन्स्पेक्शनची सवय जात नाही.

म्हणजे तो पाच वीसला स्टेशनवर नव्हता.

मग हेमा कोणाला आणायला जाते?

५.५५ हेमा आली. शहाळं घेऊन. तुम्हाला घाम कसा आला, म्हणाली.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

रात्रभर विचार केला. (नऊ ते दहा.) गुरुमूर्तीची ही सगळी कारणं फार नीट बसतात. ज्या ड्रॉइंगमध्ये एकही चूक नाही, ते दुसऱ्यांदा तपासायचं असतं, हे त्यानेच मला शिकवलंय.

तिसरा मणी केला त्याच्या घराचा. हा तडकला नाही. मोठा झाला जरा.

२८ सप्टेंबर, रविवार. बिलिरुबिन २.०

योजना ठरली. उघड्या वीस सेंटिमीटरच्या बरोबर मधे गुरुमूर्तीच्या घराचा मणी ओवायचा. दसऱ्याच्या दिवशी हार हेमाच्या हातात द्यायचा. काही बोलायचं नाही. तिने स्वतःच मणी मोजत त्या मण्यापर्यंत यायचं. चेहरा सगळं सांगेल. मी फक्त बघणार. एकतीस वर्षांत प्रथमच ती माझं एखादं ड्रॉइंग नीट वाचेल.

 मला एक गोष्ट इथे लिहायला हरकत नाही. ही जाऊ नये, एवढंच मला वाटतं. बाकी मिनिटं कितीही असोत.

ही ओळ नंतर खोडायची आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार.

हार पूर्ण. आकडा लावला. क्लोजिंग एरर शून्य. घराचा मणी मधोमध, सुंदर दिसतो. घंटा आज फक्त चौदा वेळा. माझ्या संयमाची कोणी नोंद घेत नाही म्हणून मीच घेतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सकाळी १० वाजता हार दिला.

हेमा तो घेऊन खिडकीपाशी गेली. मग एकेक मणी बोटाने सरकवत गेली. हे गेट. हे मेडिकल. हा पिल्लयार का, बरं झाला की. हा बूट. नाही, इस्त्री, इस्त्री. इतकी खूश मी तिला महिनाभरात पाहिली नव्हती. तुम्ही हे केलंत? एवढे दिवस हेच करत होतात? म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मण्याची वाट बघत होतो.

आली मण्यापाशी. चेहरा बदलला नाही. हे काय आहे, विचारलं. गुरुमूर्तीचं घर, म्हटलं. ते इथे चुकलंय, ते तर गेटच्या शेजारी हवं, म्हणाली. आकडा काढला, मणी सोडवला, गेटशेजारी ओवला. एवढ्या सहज, जसं काही एखादं भांडं जागेवर ठेवतेय.

मग इथे काय आहे, मी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला असावा. या वीस सेंटिमीटरमध्ये काय आहे?

तिने हार खाली ठेवला. मग उरलेल्या मातीचा गोळा मागितला. चपटा केला, खाली दोन पाय काढले, भोक पाडून दोऱ्यात ओवला. किती वेळ लागला असेल, दोन मिनिटं. हा बाक, म्हणाली. स्टेशनवरचा, प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाचा.

कोण असतं तिथे? कोणी नसतं. मग कशाला जातेस? बसायला. म्हणजे काय? म्हणजे बसते. गाड्या येतात, जातात. वीस मिनिटं कोणी हाक मारत नाही. मग शहाळं घेते आणि येते.

पुढचंही लिहून ठेवतो. तुम्ही फॅक्टरीत असायचात तेव्हा दिवस माझा होता, म्हणाली. आता सकाळपासून घंटा. आणि पुढच्या मेमध्ये तुम्ही रिटायर. तेव्हा मग रोजच. त्याची सवय करून घेतेय. रागाने म्हणाली नाही.

गाडीत बसावंसं वाटतं का कधी, विचारलं. हो म्हणाली. एकदा डबा अगदी समोर येऊन थांबला, उभी राहिलेही. मग तुमची सहाची गोळी आठवली.

महिनाभर मी एका माणसावर डोळा ठेवून होतो. निघाला बाक. सिमेंटचा. त्याला नीट पाठसुद्धा नाही.

म्हटलं, मग बाकाच्या दोन्ही बाजूंना काळे मणी ओवतो, दोरा उघडा दिसतोय. नको म्हणाली. तो तसाच राहू दे.

सायं. ७.३०

हेमा गुरुमूर्तीकडे गोलू बघून आली. हार घालून गेली होती. सगळ्या बायकांनी विचारलं म्हणे, कुठून घेतला. नवऱ्याने केला, असं सांगितलं तिने. बरं वाटलं. मग पाहिलं तर घराचा मणी समोर नव्हता. जड आहे, मागे फिरवला, केसांखाली, म्हणाली. पुढे बाक होता. ओला होता अजून, साडीला माती लागलेली.

तिथे गुरुमूर्तीने म्हणे चष्मा लावून सगळा हार तपासला आणि विचारलं, याचा डेटम कोणता? हेमाने बाक दाखवला. तो म्हणाला, मग सगळी मापं बरोबर आहेत.

चौदा वर्षांनी माझं ड्रॉइंग पास झालं. आनंदच आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. बिलिरुबिन १.१

नॉर्मल. सोमवारपासून कामावर.

५.०० हेमा गेली. हार घालून.

संकल्प : घंटेची जागा देवघरात. मी तिचा गुलाम नाही.

५.०६ देवघरात ठेवली.

५.२४ आता बाकावर बसली असेल. मला काही वाटत नाही. सिमेंटच्या बाकाचा हेवा कोण करतो.

५.३० गाडीचा भोंगा ऐकू आला. कोणती गाडी ते इथून कळत नाही.

५.३३ घंटेवर हळद-कुंकू साचलं होतं. घासून ठेवू म्हणून काढली.

५.३५ घासली. बरोबर झाली का बघायला एकदा वाजवली. आवाज चांगला आहे. स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट जातो. तिथे कोणी नव्हतं.